कौल आणि गुरव

कोंकणांतील व गोव्यांतील पुष्कळ ग्रामदेवतांच्या देवळांत कौल लावण्याची चाल अद्यापि चालू आहे. देवाच्या मूर्तीस फुलांच्या पाकळ्या किंवा कळे पाण्यानें चिकटवावयाचे, गुरवानें गाऱ्हाणें घालावयाचें, आणि उजवीकडील पाकळी आधीं पडली तर होकार व डावीकडील पडली तर नकार समजावयाचा. या संबंधांत आमचे तीर्थरूप एक गोष्ट नेहमीं सांगत. कौल देव देतो खरा; परंतु देवाला काय विचारावयाचें, केव्हां विचारावयाचें आणि कोणत्या शब्दांत विचारावयाचें हें देव ठरवीत नाहीं, तें गुरव ठरवितो. "मुलगी या घरीं द्यावी काय?" असें विचारिलें तर उजव्या पाकळीचा अर्थ एक, "या घरीं दिल्यास मुलीला कष्ट पडतील काय?" असें विचारिलें तर त्याच पाकळीचा अर्थ अगदीं उलट. आमच्या गांवचा गुरव सत्त्वशील होता म्हणून कोणाचें नुकसान झालें नाहीं, एवढेंच.

हल्लींच्या लोकशाही राज्यांत जनता हीच देवता, आणि एखाद्या राष्ट्रीय प्रश्नावर सर्व मतदारांस एकाच दिवशीं ‘हें कीं तें’ असें विचारणें, ज्याला आपण सार्वमत म्हणतों, तो या देवतेचा कौल होय. आपल्या राज्यघटनेंत सबंध देशाच्या सार्वमताची तरतूद नाहीं. त्यामुळें या प्रकाराशीं आपल्या घरांचा संबंध थोडाच येतो. परंतु ज्या देशांत तो घडतो, तेथें कौल लावण्याचा अधिकार सरकारचा असला तरी गाऱ्हाणें घालण्याचें काम बहुतांशीं वर्तमानपत्रें करतात, आणि तें मतदानाच्या आठवड्यांत नव्हे, तर त्याआधीं वर्षानुवर्षें करीत असतात, असें आमचें मत बनलें आहे. तें कसें बनलें तेंच येथें सांगावयाचें आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त लंडनच्या पश्चिमेस रेडिंग शहरीं राहतात. आम्ही शाळेंतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं आम्हां उभयतांस तिकडे बोलाविलें, आणि इ. स. २०१६ च्या मे महिन्यापासून जुलै अखेरपर्यंत आमचा मुक्काम तेथें पडला. युरोपीय संघांत ब्रिटननें राहावें कीं बाहेर पडावें, या प्रश्नावरील सार्वमत २३ जून रोजीं व्हावयाचें होतें. आम्हांस पहाटे उठण्याची संवय. सून-मुलगा निजलेलीं असत. तेव्हां आम्ही फिरावयास म्हणून निघून कोपऱ्यावरील एका दुकानीं जात असूं. दुकानदार पूर्व आफ्रिकेंतून आलेले एक गुजराती गृहस्थ होते. दूध, पाव आणि तपकिरीच्या डब्या यांच्या शेजारीं खालच्या फळीवर सकाळचीं सर्व वर्तमानपत्रें ओळीनें मांडलेलीं असत, आणि तीं उभ्या उभ्या चाळण्याची त्यांनीं आम्हांस मुभा दिली होती. परमेश्वर त्यांचें कल्याण करो.

ती ओळ म्हणजे एक शिक्षणच होतें. दि सन, डेली मेल, डेली एक्सप्रेस आणि डेली टेलिग्राफ हीं बाहेर पडण्याच्या बाजूचीं. टाइम्स, गार्डियन, डेली मिरर आणि फायनॅन्शियल टाइम्स हीं राहण्याच्या बाजूचीं. त्यांतही मौज अशी कीं, टाइम्स राहा म्हणे आणि त्याच मालकाचें संडे टाइम्स बाहेर पडा म्हणे. डेली मेल बाहेर ओढी आणि त्याच घराण्यांतील मेल ऑन संडे आंत बसवी. एकाच माजघरांत थोरला शैव आणि धाकटा वैष्णव असावा, तसा हा प्रकार. १४ जून रोजीं दि सन पत्रानें तर सबंध पहिलें पान बाहेर पडण्याच्या आवाहनास दिलें. लफबरो विद्यापीठांतील अभ्यासकांनीं या काळांतील वृत्तपत्रीय मजकुराची पुढें मोजणी केली. प्रत्येक पत्राचा खप हिशेबांत धरतां, बाजू घेणाऱ्या मजकुराचें पारडें बाहेर पडण्याकडे ८२ आणि राहण्याकडे १८ असें झुकलेलें त्यांना आढळलें.

अग्रलेखांत बाजू घेणें हा पत्राचा हक्कच आहे. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. टिळकांच्या केसरीनें बाजू घेतली नसती तर तो कोणीं वाचला असता? परंतु अग्रलेखाचा रंग बातमीच्या पानावर उतरूं लागला कीं वाचकाची फसगत सुरू होते. त्या वर्षींच्या ९ मार्च रोजीं दि सन पत्रानें मोठ्या अक्षरांत छापलें होतें कीं, राणीसाहेबांचा बाहेर पडण्यास पाठिंबा आहे. राजवाड्यानें तक्रार केली. वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्या मंडळानें, आम्ही तेथें पोंचलों त्याच सुमारास, निकाल दिला कीं, हा मथळा वाचकांची मोठी दिशाभूल करणारा आहे. मथळा दोन महिन्यांपूर्वीं लाखों लोकांनीं वाचला होता. निकाल किती जणांनीं वाचला असेल तो देव जाणे.

आतां केळ्यांची गोष्ट. शेजारच्या घरांत एक वृद्ध बाई एकट्या राहत. आमच्या कुटुंबानें त्यांना पहिल्याच आठवड्यांत शिरा नेऊन दिला, आणि परतफेड म्हणून त्या एके दिवशीं केळ्यांचा फणा घेऊन आल्या. टेबलावर ठेवतां ठेवतां त्यांनीं आम्हांस अगदीं गंभीरपणें विचारलें, "तुमच्या देशांत वांकडीं केळीं विकण्याची मनाई नाहीं ना?" आम्ही थक्क झालों. चिरंजिवांनीं नंतर उलगडा केला कीं, ब्रसेल्सच्या अधिकाऱ्यांनीं वांकड्या केळ्यांवर बंदी घातली आहे, ही कथा इंग्लंडांतील पत्रें वीस वर्षें छापीत आलीं आहेत. तिच्या मुळाशीं कांहींच नव्हतें असें नाहीं. इ. स. १९९४ मध्यें युरोपीय आयोगानें केळ्यांची प्रतवारी ठरविणारा २२५७ क्रमांकाचा नियम काढला, आणि त्यांत फळाला अस्वाभाविक वक्रता नसावी असे शब्द खरोखरच आहेत. परंतु तो नियम घाऊक व्यापारांतील प्रतवारीचा. अव्वल प्रतीच्या फळांत दोष नसावा, त्याखालील प्रतींत आकाराचा थोडाबहुत दोष चालेल, असा त्याचा रोख. आपल्याकडे हापूसच्या पेटींत डागी आंबा वेगळा काढतात, त्यांतलाच हा प्रकार. तेवढ्यावरून ‘बंदी’ झाली. अशा दंतकथा इतक्या निघाल्या कीं, युरोपीय आयोगाच्या लंडन येथील कचेरीस त्यांचें खंडन करणारी एक यादीच ठेवावी लागली. टेलिग्राफ पत्राचे ब्रसेल्स येथील वार्ताहर म्हणून १९८९ ते १९९४ पर्यंत बोरिस जॉन्सन हे काम करीत होते, आणि युरोपीय कारभाराची थट्टा करणाऱ्या बातम्यांची पद्धति रूढ करण्यांत त्यांचा मोठा वांटा होता, असें त्यांचे समकालीन वार्ताहर सांगतात. पुढें तेच गृहस्थ बाहेर पडण्याच्या पक्षाचे अग्रणी झाले आणि त्यानंतर मुख्य प्रधानही झाले.

त्या वृद्ध बाई भोळ्या होत्या असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्या नातवाला त्या शहरांत घर घेणें कसें अशक्य झालें आहे, दवाखान्यांत वेळ मिळण्यास किती दिवस लागतात, हें त्या तपशीलवार सांगत, आणि तें सर्व खरें होतें. पत्रानें केलें एवढेंच कीं, त्यांच्या खऱ्या दुःखाला एक खोटी खुंटी ठोकून दिली. दुःख खरें असलें कीं खुंटी कोण तपासतो?

त्या बाई डेली एक्सप्रेस वाचीत. या पत्राच्या शीर्षभागीं ढाल-तरवार घेतलेल्या एका धर्मयोद्ध्याचें चित्र असतें. आम्हांस तें जुन्या थाटाचें एक भूषण वाटलें; पण त्याचा इतिहास पाहूं लागलों तों आमच्या हातीं मोठें घबाड लागलें. १९३० च्या सुमारास एक्सप्रेसचे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक आणि मेलचे मालक लॉर्ड रॉदरमियर यांनीं, साम्राज्याबाहेरून येणाऱ्या धान्यादि मालावर कर बसवावा, अशी चळवळ उभारली. तो योद्धा ही त्या चळवळीची खूण होय. हुजूर पक्षाचे पुढारी स्टॅन्ले बाल्डविन यांच्यावर या दोन पत्रस्वामींनीं इतका मारा केला कीं, मार्च १९३० मध्यें त्यांना खाद्यवस्तूंवरील कराचा प्रश्न सार्वमतास टाकण्याचें वचन द्यावें लागलें. तें सार्वमत झालें नाहीं. परंतु पत्राचा मालक ओरडतो आणि पुढारी सार्वमताच्या आडोशाला जातो, हा डाव पाऊणशें वर्षांनंतरचा नव्हे, तेव्हांपासूनचा आहे. पुढील वर्षीं वेस्टमिन्स्टरच्या एका पोटनिवडणुकींत पत्रस्वामींनीं आपला उमेदवार उभा केला, तेव्हां मात्र बाल्डविन संतापले. १७ मार्च १९३१ च्या भाषणांत ते म्हणाले कीं, या मालकांना जबाबदारीवांचून सत्ता हवी आहे, आणि असा अधिकार युगानुयुगें वारांगनेचाच असतो. हें जळजळीत वाक्य त्यांना त्यांचे मावसभाऊ रुडयार्ड किप्लिंग यांनीं सुचविलें होतें. किप्लिंग मुंबईत जन्मलेले. तेव्हां या तिखटांत थोडी मुंबईची मिरची आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. दोनच दिवसांनीं पत्रस्वामींचा उमेदवार पडला.

तोच योद्धा २०१० च्या नोव्हेंबरांत पुनः मोहिमेवर निघाला. ब्रिटननें युरोपीय संघ सोडावा अशी एक्सप्रेसनें उघड मोहीम सुरू केली, आणि तीन लाखांहून अधिक वाचकांनीं भरून दिलेलीं कात्रणें मुख्य प्रधानांच्या दारीं नेऊन टाकलीं. २४ ऑक्टोबर १९११ नव्हे, २०११ (शतकांची अशी गल्लत आमच्याकडून आतां होऊं लागली आहे), त्या दिवशीं पार्लमेंटांत सार्वमत घ्यावें असा ठराव आला. तो १११ विरुद्ध ४८३ मतांनीं पडला. पण मुख्य प्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्याच पक्षांतील सुमारें ऐशीं सभासदांनीं बंड केलें होतें. २३ जानेवारी २०१३ रोजीं कॅमेरॉन यांनीं सार्वमताचें वचन दिलें. सर्व श्रेय किंवा दोष पत्रांच्या पदरीं टाकणें अन्यायाचें होईल. त्यांच्या पक्षांतली फूट जुनी होती, आणि नायजेल फराज यांचा पक्ष त्यांचीं मतें पळवूं लागला होता. तथापि गाऱ्हाण्याचे शब्द कोणीं तयार केले, हें दुकानांतल्या त्या फळीवर स्पष्ट दिसत होतें.

यावरून वाचकांस वाटेल कीं, पत्रांचा पक्षपात एकाच दिशेचा असतो. तसें मुळींच नाहीं. हाच प्रश्न ब्रिटननें एकदां पूर्वींही विचारला होता. इ. स. १९७३ च्या १ जानेवारीस तो देश सार्वमत न घेतां युरोपीय सामायिक बाजारपेठेंत शिरला. पुढें मुख्य प्रधान हॅरल्ड विल्सन यांचा मजूर पक्ष या प्रश्नावर दुभंगला, आणि पक्ष एकत्र ठेवण्यासाठीं त्यांनीं ५ जून १९७५ रोजीं सार्वमत घेतलें. तें घ्यावें कीं नाहीं यावरच त्यावेळीं केवढा वाद! मजूर पक्षाचे उपनेते रॉय जेन्किन्स यांनीं १९७२ सालींच या कारणावरून आपलें पद सोडलें होतें. विरोधी पक्षाच्या नव्या पुढारी मार्गारेट थॅचर यांनीं पार्लमेंटांत सार्वमताच्या कल्पनेलाच विरोध केला, आणि त्यासाठीं आधार घेतला तो मजूर पक्षाच्याच ॲटली यांचा. ॲटली यांनीं १९४५ सालीं चर्चिल यांची अशीच सूचना फेटाळतांना, हें साधन आपल्या परंपरेला परकें असून नाझी व फॅसिस्ट मंडळींनीं तें वापरलें आहे, असें कळविलें होतें.

त्या १९७५ सालीं पत्रें कोठें होतीं? कम्युनिस्टांचें मॉर्निंग स्टार वगळल्यास एकूण एक राष्ट्रीय दैनिकें ‘राहा’ म्हणत होतीं. मेल, टेलिग्राफ, दि सन, इतकेंच नव्हे तर योद्ध्याचें एक्सप्रेस सुद्धां! राहण्याच्या पक्षानें खर्चिलेला पैसा विरोधकांच्या दहापटीहून अधिक होता. सरकारनें घरोघर तीन पुस्तिका वांटल्या, त्यांपैकीं एक विरोधाची आणि दोन अनुकूल. ६७ टक्क्यांहून अधिक मतदारांनीं राहण्यास संमति दिली. जे हरले ते चाळीस वर्षें म्हणत राहिले कीं, आम्हांला कोणीं बोलूंच दिलें नाहीं. आणि त्या म्हणण्यांत तथ्य होतें. २०१६ चें बीज त्या एकमुखी विजयांत पेरलें गेलें, असें आमचें अनुमान आहे. ज्यांना २०१६ मधील पत्रांचा पक्षपात खुपतो त्यांनीं १९७५ च्या फायली आधीं उघडाव्या.

प्रश्नाच्या शब्दांविषयीं मात्र ब्रिटिशांचें कौतुक केलें पाहिजे. आम्हीं तीस वर्षें प्रश्नपत्रिका काढल्या आहेत. प्रश्नाच्या रोखांतच उत्तर कसें शिरतें हें आम्हांस ठाऊक आहे. सरकारचा मूळ मसुदा असा होता कीं, ब्रिटननें युरोपीय संघाचा सभासद राहावें काय? उत्तर, होय किंवा नाहीं. ‘होय’ म्हणणें माणसाला स्वभावतःच सोपें जातें. तेव्हां तेथील निर्वाचन आयोगानें २०१५ सालीं आक्षेप घेऊन, राहावें कीं बाहेर पडावें, अशीं दोन्ही पदें प्रश्नांत घालावयास लावलीं आणि होय-नाहीं काढून टाकलें. एवढी दक्षता घेणाऱ्या कायद्यांत बाहेर पडण्याची रीत कोणती, याविषयीं मात्र एक अक्षर नव्हतें. त्याची किंमत पुढें तीन-चार वर्षें मोजावी लागली.

या सर्व गोष्टी दुकानाच्या फळीवर राहिल्या असत्या तर आम्ही हा लेख लिहिला नसता. त्या घरांत शिरल्या. राष्ट्रकुलांतील नागरिक म्हणून तेथें राहणाऱ्या हिंदी लोकांस या सार्वमतांत मत होतें. फ्रेंच, जर्मन, पोलिश रहिवाशांस नव्हतें. पलीकडच्या घरांतील पोलिश सुतार बारा वर्षें तेथें राहून मूक, आणि आमचे चिरंजीव व सूनबाई मतदार. चिरंजीव राहण्याच्या पक्षाचे. त्यांची कंपनी जर्मनीस यंत्रांचे भाग पाठवी. सूनबाई आमची नागपूरची, स्पष्टवक्ती. ती म्हणे, "पोलंडच्या माणसाला येथें यावयास कोणी विचारीत नाहीं, आणि माझ्या आईला महिनाभर यावयाचें तर बँकेच्या कागदांपासून परत जाण्याच्या तिकिटापर्यंत सारें दाखवावें लागतें. हा कुठला न्याय?" तिच्या कचेरींत टेलिग्राफ येई, चिरंजीव गार्डियन वाचीत, तेंही हातांतल्या यंत्रावर, जें माणसाला आवडतें तेंच पुनःपुनः पुढें करतें. दोघेंही शिकलेलीं, दोघेंही प्रामाणिक. पण एकाच्या पत्रांत दुसऱ्याचा मुद्दा कधीं आलाच नाहीं. सरकारनें नव्वद लाख पौंडांहून अधिक खर्चून घरोघर पत्रक धाडलें तेव्हां सूनबाईनें तें केराच्या टोपलींत टाकलें. आणि दर आठवड्यास ३५ कोटी पौंड ब्रसेल्सला जातात हा मोटारीवर रंगविलेला आंकडा तिनें काढला, तेव्हां ती ठोक रक्कम असून परत मिळणारी सूट त्यांत वजा केलेली नाहीं, असें सरकारी सांख्यिकी खात्यानें म्हटल्याचें चिरंजिवांनीं तिच्या तोंडावर फेंकलें. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत चार दिवस दोघें जेवणाच्या टेबलावर एकमेकांशीं बोललीं नाहींत. नातवानें भाजी कोणाकडे मागावी असा प्रश्न पडला.

आमच्या कुटुंबानें त्या रात्रीं आम्हांस हळूच विचारलें, "हें असें तुमच्या घरींही झालें होतें ना?" झालें होतें. तें गोव्याच्या वेळीं.

तें सार्वमत राष्ट्राचें नव्हतें, एका छोट्या प्रदेशाचें होतें. पण स्वतंत्र भारतांत लोकांस असा थेट प्रश्न विचारल्याचीं उदाहरणें इतकीं विरळ आहेत कीं, त्याची आठवण येथें अप्रस्तुत होणार नाहीं. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. १९६३ च्या निवडणुकीनंतर दयानंद बांदोडकर यांचें मंत्रिमंडळ आलें. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचें म्हणणें असें कीं, निवडणूक हाच कौल. गोवा महाराष्ट्रांत विलीन करावा. विरोधी पक्षाचे जॅक सिक्वेरा म्हणत, आमदार निवडणें निराळें आणि आपलें अस्तित्व मिटवावें कीं नाहीं हें विचारणें निराळें. लोकांस थेट विचारा. वाद विचारावें कीं नाहीं याचाच होता. अखेरीस पार्लमेंटानें १९६६ च्या डिसेंबरांत कायदा केला, आणि मतदान निःपक्षपाती व्हावें म्हणून बांदोडकरांचें मंत्रिमंडळ त्याच महिन्यांत दूर झालें. १६ जानेवारी १९६७ रोजीं मतदान झालें. विलीनीकरणास फूल आणि वेगळेपणास दोन पानें, अशीं चिन्हें होतीं.

आम्ही तेव्हां नऊ-दहा वर्षांचे असूं. वेंगुर्ल्यास आमच्या घरीं मुंबईचें एक मराठी पत्र एक दिवस उशिरां येई. त्याचें नांव सांगत नाहीं. सांगण्याचें कारणही नाहीं. गोवा महाराष्ट्रांत येण्यास आतुर झाला आहे, हें त्यांत रोज वाचून तीर्थरूपांची खात्री पटली होती. आमची आत्या फोंड्याजवळच्या एका गांवीं दिलेली. घरांत पूजा, पोथी, पत्रव्यवहार सारें मराठींत. तेव्हां तिच्या घरचें मत फुलालाच, याविषयीं कोणास शंका नव्हती. निकाल लागला तो असा: विलीनीकरणास १,३८,१७० आणि विरोधांत १,७२,१९१. तीर्थरूपांनीं पत्राची घडी घातली आणि ते दिवसभर पडवींत बसून राहिले. पुढें आत्या माहेरीं आली असतां, मतें कोणीं फिरविलीं यावर ते तावातावानें बोलूं लागले. तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "दादा, आमच्या घरचीं चारही मतें दोन पानांना गेलीं. तुझ्या पत्रानें आम्ही काय म्हणणार तें लिहिलें. आम्हांला विचारायला कोणी आलें नाहीं."

तीर्थरूप तिच्याशीं पांच महिने बोलले नाहींत. तिनें मात्र राष्ट्रमताच्या अंकांचा एक गठ्ठा पाठवून दिला. विलीनीकरणाविरुद्ध लढणारें हें पत्र मराठीच होतें, हें पुष्कळांस आजही ठाऊक नसतें. चंद्रकांत केणी तें चालवीत, आणि उदय भेंब्रे यांचें ‘ब्रह्मास्त्र’ हें सदर त्यांत येई. विलीनीकरणाचा कैवार घेणारें ‘गोमन्तक’ जितकें मराठी, तितकेंच हेंही. मराठीच्या दोन तोंडांपैकीं एकच तोंड वेंगुर्ल्यास येत होतें. तीर्थरूपांनीं तो गठ्ठा माळ्यावर टाकला. तो न सोडतांच त्याला वाळवी लागली. आणखी एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे. त्याच १९६७ सालीं पुनः निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनीं बांदोडकरांस पुनः मुख्यमंत्री केलें. दोन प्रश्न निराळे विचारले म्हणून दोन उत्तरें निराळीं आलीं. सिक्वेरा यांचें म्हणणें खरें ठरलें, हें आमच्यासारख्या मराठीच्या अभिमान्यासही कबूल करावें लागतें.

ही हकीकत आम्हीं रेडिंगच्या त्या टेबलावर सांगितली. सूनबाई हंसली, चिरंजीव हंसले नाहींत, पण भाजीचें भांडें त्यांनीं तिच्याकडे सारलें. दोनच दिवसांनीं, १६ जून रोजीं, जो कॉक्स या तरुण पार्लमेंट सभासद बाईंचा भर रस्त्यांत खून झाला, आणि दोन्ही पक्षांनीं प्रचार थांबविला. त्या संध्याकाळीं घरांत कोणीं वर्तमानपत्र उघडलें नाहीं.

मतदान एका प्राथमिक शाळेंत होतें. मतपत्रिकेवर खूण पेन्सिलीनें करावयाची असते. सरकार ती खोडील या भीतीनें कित्येक लोक घरून पेन घेऊन आले होते. पत्रांनीं इतका संशय पेरल्यावर पेन्सिलीवर तरी विश्वास कसा राहावा! २४ जूनच्या पहाटे निकाल कळला: बाहेर पडण्यास ५१.९ टक्के, राहण्यास ४८.१. शेजारच्या बाईंच्या डोळ्यांत आनंदाश्रु होते. पोलिश सुतार नेहमींच्या वेळीं कामावर गेला.

त्यानंतर जें झालें तें पाहून आम्हांस गुरवाची फार आठवण झाली. निकाल अगदीं थोड्या फरकानें लागल्यास पुनः सार्वमत घ्यावें, असा एक अर्ज पार्लमेंटच्या दप्तरीं मतदानापूर्वींच पडला होता. तो केला होता बाहेर पडण्याच्या बाजूच्या एका तरुणानें, आपला पक्ष हरेल या भीतीनें. निकाल लागतांच त्याच अर्जावर राहण्याच्या बाजूच्या लोकांनीं उड्या घातल्या, आणि सह्या चाळीस लाखांवर गेल्या. कर्त्याला आपल्या अर्जापासून हात झटकावे लागले. पुढें २०१८ व २०१९ सालीं दुसऱ्या सार्वमताची मोठी चळवळ झाली, तेव्हां पत्रांनींही जागा बदलल्या. ज्यांनीं जनतेला विचारा म्हणून वर्षानुवर्षें आक्रोश केला, तीं म्हणूं लागलीं कीं, आतां पुनः विचारणें हा जनतेचा द्रोह. ज्यांनीं असले किचकट प्रश्न सामान्य माणसापुढें टाकूं नयेत म्हणून लेख लिहिले होते, तीं म्हणूं लागलीं कीं, जनतेला विचारल्यावांचून पाऊल टाकणें हा अधर्म. इंडिपेंडंट पत्रानें तर त्यासाठीं सह्यांची मोहीम काढली. राहण्याच्या बाजूच्या पत्रांनीं सांगितलेली तात्काळ मंदी आली नव्हती, आणि बाहेर पडण्याच्या बाजूच्या पत्रांनीं सांगितलेला सोपा करार दिसत नव्हता. पण त्याची आठवण कोणींच छापली नाहीं. २७ मार्च २०१९ रोजीं दुसऱ्या मतदानाची सूचना पार्लमेंटांत २६८ विरुद्ध २९५ मतांनीं पडली.

३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन बाहेर पडलें. त्या रात्रीं चिरंजिवांशीं बोलणें झालें. शेजारच्या बाई आदल्या वर्षीं वारल्या होत्या. नातवाला घर मिळालेलें नव्हतें. पोलिश सुतार बायकामुलांसह मायदेशीं परत गेला होता, आणि स्वयंपाकघरांतील कपाटाचें निखळलेलें दार बसविण्यास माणूस मिळत नाहीं म्हणून सूनबाई कुरकुरत होती. तिच्या आईच्या व्हिसाचे कागद तसेच लागतात. दुकानदारांनीं मात्र आमची चौकशी केली होती, आणि विचारलें होतें कीं, मास्तर आले तर कोणतें पत्र काढून ठेवूं? आम्हीं निरोप दिला कीं, दोन ठेवा, भांडणारीं.